टपाल आले, पण पुरते आले काय?

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण गेली तीस वर्षे बहुतेक प्रत्येक स्मरणिकेत वाचत आलो आहोत. ते खोटे नाही. परंतु एका संगणकावरील प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावरील प्रोग्रॅमशी नेमका कसा बोलतो आणि त्या बोलण्यात एखादे नाव किंवा एखादा आकडा वाटेत कसा गळतो, याविषयी मराठीत सांगणारे फार थोडे सापडते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेतील कारकून. हा विषय आमच्या शिक्षणातला नव्हे. तरीही त्यावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्यास एक घरगुती कारण घडले.

आमची पुतणी संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षास आहे. तिने प्रकल्प घेतला तो असा : चार खोल्यांतील चार संगणकांवर विद्यार्थ्यांची नावे भरायची आणि ती सर्व एका मुख्य संगणकावर गोळा करून एकच यादी तयार करायची. प्रोग्रॅम 'सी' भाषेत लिहिलेला आणि संदेशांची ने-आण करण्यासाठी 'झीरोएमक्यू' नावाची तयार लायब्ररी वापरलेली. सादरीकरणास आठ दिवस उरले असता एका रात्री ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, प्रोग्रॅम नुसता अडकून बसतो. आणि चाललाच तर नावं खातो."

"नावं खातो" हे शब्द आमच्या मनाला लागले. यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या पिढीला वेगळे सांगावयास नको. शिष्यवृत्तीच्या यादीत, वसतिगृहाच्या यादीत नाव नसले की खिडकीमागचा माणूस मान हलवतो आणि आपण परत फिरतो. नाव कोणी मुद्दाम वगळले की कागदाच्या कडेवर जागा संपली म्हणून गळाले, हे दाराबाहेर उभ्या असलेल्यास कळत नाही. म्हणून आम्ही तिच्या शेजारी बसलो. इंग्रजी माहितीपत्रक ती वाची, आम्ही शब्दकोश उघडून अर्थ लावी. चार रात्रींनंतर आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न आमच्या ओळखीचाच आहे. हे तर आवक टपालाचे टेबल! त्या चार रात्रींत जे उमगले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

सॉकेट म्हणजे काय?

'सी' ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविली. पुढे १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने आपल्या युनिक्स प्रणालीची ४.२ ही आवृत्ती काढली. तिच्यातून 'सॉकेट' ही कल्पना सर्वत्र पसरली. भिंतीवरील विजेच्या सॉकेटमध्ये पिन खोचली की वीज येते. तारा कुठून आल्या, वीजघर कोठे आहे, याची चौकशी आपण करीत नाही. तसेच प्रोग्रॅमने सॉकेट उघडले की त्यातून मजकूर जातो आणि येतो.

परंतु या जुन्या सॉकेटची एक अडचण होती. त्यातून जाणारा मजकूर हा नळाच्या पाण्यासारखा वाहतो. टीसीपी या पद्धतीत बाइट क्रमाने पोहोचतात. एक संदेश कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला याची खूण मात्र त्यात नसते. पाठविणाऱ्याने दोन वेळा शंभर-शंभर बाइट पाठविले, तर घेणाऱ्याच्या हाती आधी पन्नास आणि नंतर दीडशे असेही पडू शकतात. वेगवेगळी पाकिटे फोडून सर्व कागद एकाच पोत्यात भरून द्यावेत, तसा हा प्रकार. कागद कोणत्या पाकिटातला हे घेणाऱ्याने शोधीत बसावे.

ही अडचण दूर करणाऱ्या ज्या लायब्ऱ्या पुढे आल्या, त्यांपैकी एक झीरोएमक्यू होय. २००७ साली पीटर हिंटजेन्स यांच्या आयमॅटिक्स या कंपनीत हे काम सुरू झाले. मुख्य बांधणी मार्टिन सुस्ट्रिक यांची. नावातील 'झीरो'चा पहिला अर्थ मधला दलाल शून्य, असा. म्हणजे दोन प्रोग्रॅमच्या मध्ये टपाल सांभाळणारा तिसरा, वेगळा सर्व्हर लागत नाही. हिंटजेन्स २०१६ साली वारले. सुस्ट्रिक यांनी पुढे 'नॅनोमेसेज' ही अशीच एक लायब्ररी शुद्ध 'सी' भाषेत रचली. झीरोएमक्यूचे अंतरंग 'सी प्लस प्लस' भाषेतील असले, तरी प्रोग्रॅमरने आत शिरण्याची दारे 'सी' भाषेतील आहेत. लायब्ररी विनामूल्य असून तिचा मूळ मजकूर सर्वांना वाचावयास खुला आहे.

या लायब्ररीत संदेश हा पाकीटबंद राहतो. एक पाकीट पाठविले तर पलीकडे एकच पाकीट मिळते. अर्धे मिळत नाही आणि दोन पाकिटे एकमेकांत मिसळतही नाहीत. पण लक्षात घ्या, पाकीट पूर्ण येते हे लायब्ररीचे वचन आहे. ते फोडून आतला कागद आपण पूर्ण घेतला की नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. आमच्या पुतणीची गफलत नेमकी तेथेच झाली होती.

खिडक्यांचे प्रकार

बँकेत भरणा घेण्याची खिडकी वेगळी आणि पैसे देण्याची वेगळी असे. झीरोएमक्यूतही सॉकेटचे प्रकार ठरलेले आहेत. 'पुश' फक्त पाठविते, 'पुल' फक्त घेते. 'पब' म्हणजे दवंडी पिटणारा, तो फक्त सांगतो. 'सब' म्हणजे ऐकणारा. 'रिक्वेस्ट' आणि 'रिप्लाय' ही प्रश्नोत्तराची जोडी आहे. एक प्रश्न, मग एक उत्तर, मगच दुसरा प्रश्न. याशिवाय 'डीलर' व 'राउटर' हे अधिक मोकळे प्रकार आहेत, पण नवशिक्याने त्यांच्या वाटेस लगेच जाऊ नये.

पुतणीच्या प्रकल्पात चार खोल्यांत चार 'पुश' आणि मुख्य संगणकावर एक 'पुल' होते. निवड योग्य होती. अनेकांकडून येणारे संदेश 'पुल' पाळीपाळीने घेते. एका खोलीने भराभर दहा पाकिटे टाकली म्हणून बाकीच्या तीन खोल्यांना ताटकळत ठेवले जात नाही. रांगेतला हा न्याय लायब्ररी स्वतःच सांभाळते, ही तिची मोठी सोय आहे.

घेणे म्हणजे चार गोष्टी सांगणे

संदेश घेण्याच्या मुख्य आज्ञेचे नाव 'झेडएमक्यू_रिसीव्ह'. लिहिताना शेवटच्या शब्दाची आर, ई, सी, व्ही ही चारच अक्षरे लिहितात. या आज्ञेला चार गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, कोणत्या सॉकेटमधून घ्यायचे. दुसरी, घेतलेला मजकूर कोठे ठेवायचा, म्हणजे स्मृतीतील कोणती जागा. हिला बफर म्हणतात. तिसरी, त्या जागेत किती बाइट मावतात. चौथी, काही विशेष सूचना. सूचना नसेल तेथे शून्य लिहितात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही आज्ञा काही वाटेवर जाऊन संदेश पकडून आणीत नाही. लायब्ररीच्या पोटात पडद्यामागे काम करणारा एक मदतनीस धागा असतो. तो तारेवरून येणारे संदेश उतरवून घेतो आणि रांगेत लावून ठेवतो. आपली आज्ञा त्या रांगेतील पहिले पाकीट उचलते. पोस्टमन टपाल पेटीत टाकून गेलेला असतो, आपण पेटी उघडतो, इतकेच. म्हणून प्रोग्रॅम दुसऱ्या कामात गुंतला असला तरी टपाल बाहेर पडून राहत नाही. मात्र पेटीलाही मर्यादा असते. ठरविले नसेल तर ती एका जोडणीस १००० संदेशांची असते. हा हिशेब बाइटचा नव्हे, संदेशांचा.

वाट किती पाहावी?

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. प्रोग्रॅम अडकून बसतो, ही ती तक्रार.

रांगेत संदेश नसेल तर रिसीव्ह आज्ञा काय करते? ती वाट पाहते. किती वेळ? कोणी काही सांगितले नसेल तर अनंतकाळ. वाट पाहण्याची मुदत ठरविणारा एक पर्याय आहे आणि त्याची मूळ किंमत उणे १ असते. उणे १ म्हणजे मुदत नाही. त्या काळात प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबलेला असतो, पडद्यावर काही उमटत नाही आणि पाहणाऱ्यास वाटते की संगणक बिघडला. पुतणीचा प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. तो कोणी येण्याची वाट पाहत होता.

मग पाठविणाऱ्या खोलीतील संगणक 'पाठवले' असे का दाखवीत होता? आम्ही दोन्हीकडचे कागद समोरासमोर ठेवून ताडले, तेव्हा तिसऱ्या खोलीच्या प्रोग्रॅममध्ये पोर्टचा क्रमांक चुकलेला आढळला. दार क्रमांक पाचऐवजी सहा लिहावा तसे. आणि गंमत अशी की, पलीकडे कोणी नसले तरी झीरोएमक्यू जोडणी करताना कुरकुर करीत नाही. पलीकडचा आज नसेल, उद्या येईल, या विश्वासाने ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहते आणि तोवर संदेश आपल्याच रांगेत साठवून ठेवते. म्हणजे 'पाठवले' याचा अर्थ इतकाच की, पत्र आपल्या हातातून सुटून जावक पेटीत पडले. समोरच्यास ते मिळाले असा त्याचा अर्थ नव्हे. बँकेत जावक नोंदवहीत नोंद झाली म्हणून पोच मिळाली, असे कोणता जाणता कारकून म्हणेल?

अडकून न बसण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, चौथ्या जागी 'डोंटवेट' ही सूचना देणे. संदेश असेल तर घ्या, नसेल तर लगेच परत या. दुसरा, मुदतीचा पर्याय ठरविणे. हा आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ५००० लिहिले तर पाच सेकंद वाट पाहून आज्ञा परत येते. तिसरा मार्ग 'पोल' या वेगळ्या आज्ञेचा. अनेक सॉकेटवर एकदम नजर ठेवून ज्यात टपाल आले असेल तेच उघडावे. एकाच माणसाला चार खिडक्या सांभाळायच्या असतील तर हा मार्ग उत्तम.

पहिल्या मार्गात एक धोका आहे. संदेश नाही म्हणून लगेच परत आलो, पुन्हा विचारले, पुन्हा परत आलो, असे चक्र लागले तर संगणक रिकाम्या हाताने धावत राहतो आणि तापतो. दर क्षणाला उठून पेटी उघडणाऱ्या माणसाचे दुसरे काम होत नाही. म्हणून साध्या प्रोग्रॅमला मुदत ठरविणे हेच बरे.

उत्तरादाखल मिळणारा आकडा

आता दुसरी आणि अधिक गंभीर तक्रार. प्रोग्रॅम नावे खातो.

रिसीव्ह आज्ञा संपताना एक आकडा परत देते. तो उणे १ असेल तर घेणे फसले. अन्यथा तो आकडा म्हणजे आलेल्या संदेशाची लांबी, बाइटमध्ये. येथे वाचकांनी थांबून हे वाक्य पुन्हा वाचावे. आकडा *आलेल्या* संदेशाचा आहे, आपण *ठेवून घेतलेल्या* मजकुराचा नव्हे. बफरमध्ये २५५ बाइटची जागा सांगितली आणि संदेश ४६९ बाइटचा आला, तर पहिले २५५ बाइट ठेवले जातात, उरलेले कापून टाकले जातात आणि आकडा मात्र ४६९ असा परत मिळतो. चुकीची घंटा वाजत नाही. कापलेला भाग पुन्हा मागता येत नाही, कारण पाकीट रांगेतून निघून गेलेले असते. आकडा आपल्या जागेपेक्षा मोठा आहे काय, हे पाहणे हाच कापाकापी ओळखण्याचा मार्ग.

पुतणी म्हणाली, "पण काका, मी तपासलं होतं ना! दहाच्या दहा नावं आली होती." तिचेही खरे होते. तिने तपासले ते इंग्रजी अक्षरांत नावे लिहून. आणि येथेच आपल्या भाषेचा प्रश्न येतो. हल्ली सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत इंग्रजी वर्णमालेचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास मात्र तीन बाइट लागतात आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'रमा' या नावात र, म आणि काना अशी तीन चिन्हे. म्हणजे नऊ बाइट. तेच इंग्रजी अक्षरांत चार. याचा अर्थ, २५५ बाइटच्या जागेत सलग देवनागरी लिहिले तर फक्त ८५ चिन्हे मावतात.

तिच्या एका संदेशात दहा नावे असत. इंग्रजीत ती दोनशेच्या आसपास बाइटमध्ये बसली. मराठीत तीच ४६९ झाली. पहिली पाच नावे पूर्ण आली. सहावे नाव मध्येच तुटले, आणि तेही एका चिन्हाच्या तीन बाइटपैकी दोनच ठेवून, त्यामुळे तेथे भलतेच चौकोन दिसू लागले. शेवटची चार नावे नाहीशी झाली. इंग्रजीत तपासलेली व्यवस्था मराठी नावे येताच कोलमडली आणि तिने तसे कोणाला सांगितलेही नाही. कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. केवळ मोजमाप दुसऱ्याच्या भाषेच्या मापाने केले होते.

याहून मोठा धोका आणखी एक होता. 'सी' भाषेत मजकुराचा शेवट दाखविण्यासाठी शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवतात. झीरोएमक्यू हा शून्य आपणहून लावीत नाही. संदेशाची लांबी ती आकड्याने सांगते. म्हणून पुतणीने परत मिळालेल्या आकड्याच्या जागी शून्य लिहिला. जागा २५६ बाइटची आणि शून्य लिहिला ४६९ क्रमांकाच्या घरात! म्हणजे आपल्या वहीचे पान संपल्यावर शेजाऱ्याच्या वहीत टिंब दिले. अशा वेळी प्रोग्रॅम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि नेमके परीक्षकासमोर कोसळतो. उपाय सोपा आहे. परत मिळालेला आकडा जागेपेक्षा मोठा असेल तर तो चूक म्हणून नोंदवावा आणि शून्य कधीही आपल्या जागेबाहेर लिहू नये.

एक लहानसा फरकही सांगून ठेवतो. जुन्या साध्या टीसीपी सॉकेटमध्ये घेण्याच्या आज्ञेने शून्य आकडा दिला तर पलीकडच्याने दार लावले असा अर्थ होतो. झीरोएमक्यूत शून्य म्हणजे रिकामे पाकीट आले. रिकामे पाकीट हाही संदेशच आहे. त्यास चूक समजून प्रोग्रॅम बंद करू नये.

माप न ठरविता घेण्याची रीत

ज्या टपालाची लांबी आधी माहीत नाही, त्यासाठी दुसरी रीत आहे. तीत आपण बफर देत नाही, तर एक रिकामा 'संदेश' तयार करून देतो. आधी तो संदेश सिद्ध करावा, मग 'झेडएमक्यू_मेसेज_रिसीव्ह' या आज्ञेने तो भरून घ्यावा. लायब्ररी आलेल्या मजकुराएवढी जागा स्वतःच सांभाळते, काहीही कापले जात नाही. मग लांबी विचारावी, मजकूर कोठे आहे ते विचारावे, हवा तो भाग आपल्याकडे उतरवून घ्यावा आणि काम झाल्यावर तो संदेश बंद करावा. बंद करणे विसरले तर वापरलेली स्मृती परत मिळत नाही. व्हाउचर फायलीला न लावता टेबलावर साठवीत गेल्यासारखे ते होते. एके दिवशी टेबलच दिसेनासे होते.

मग पहिली रीत कशासाठी? जेथे संदेशाचे माप ठरलेले आहे, उदाहरणार्थ फक्त एक क्रमांक यायचा आहे, तेथे ती सुटसुटीत. नावे, पत्ते, अर्ज यांसाठी दुसरीच घ्यावी. पुतणीने तीच घेतली.

अनेक पानी पत्र

एक संदेश अनेक भागांचा असू शकतो. रिसीव्ह आज्ञा एका वेळी एकच भाग देते. 'अजून भाग आहेत काय?' असे सॉकेटला विचारण्याची सोय आहे. 'नाही' असे उत्तर येईपर्यंत घेत राहावे. लायब्ररीचे वचन असे की, सर्व भाग पोहोचतील किंवा एकही पोहोचणार नाही. पत्राचे पहिले पान मिळाले आणि दुसरे वाटेत हरवले, असे घडत नाही. परंतु आपणच पहिले पान वाचून थांबलो, तर पुढच्या वेळी हाती येते ते त्याच पत्राचे दुसरे पान. आपण मात्र ते नवे पत्र समजून वाचतो. मग एकाचे नाव दुसऱ्याच्या पत्त्यास चिकटते.

'नाही'चेही प्रकार असतात

उणे १ मिळाले की पुष्कळ विद्यार्थी 'चूक' इतकेच छापून मोकळे होतात. हे बरोबर नाही. कचेरीत 'काम होणार नाही' असे ऐकल्यावर आपण 'का नाही?' असे विचारावयास शिकलो, तसेच येथेही विचारावे. कारण चूक-क्रमांकात लिहिलेले असते.

'ईअगेन' म्हणजे आता टपाल नाही, नंतर या. ही चूक नव्हेच. 'ईइंटर' म्हणजे वाट पाहत असता मध्येच कोणी हाक मारली, जसे प्रोग्रॅम थांबविण्याची कळ दाबली गेली. मग थांबायचे की पुन्हा वाट पाहायची हे आपण ठरवावे. 'ईएफएसएम' म्हणजे पाळी चुकली. प्रश्न न विचारताच उत्तर मागितले की हे मिळते. 'ईनॉटसप' म्हणजे चुकीची खिडकी. 'पुश' किंवा 'पब'मधून घेऊ पाहिले की हे उत्तर येते. 'ईटर्म' म्हणजे कचेरी बंद होत आहे. आपले सॉकेट बंद करून निघावे. 'ईनॉटसॉक' म्हणजे ज्यास आपण सॉकेट समजलो ते सॉकेटच नव्हे.

काही अडचणी मात्र कोणत्याच क्रमांकात येत नाहीत. 'सब' सॉकेटला 'मला अमुक विषय ऐकायचा आहे' असे आधी कळवावे लागते. ते न कळविल्यास त्यास काहीच मिळत नाही आणि ते तक्रारही करीत नाही. ऐकणारा उशिरा जोडला गेला तर त्याआधीची दवंडी त्यास ऐकू येत नाही. ऐकणारा फार संथ असून पेटी भरली, तर 'पब' त्याच्यासाठीचे पुढले संदेश टाकून देते. 'पुश' मात्र अशा वेळी थांबून राहते. प्रश्नोत्तराच्या जोडीत उत्तर देणारा मध्येच बंद पडला तर विचारणारा उत्तराची वाट पाहतच राहतो. तेथे मुदत ठरवावी, ती उलटल्यावर ते सॉकेट बंद करून नवे उघडावे आणि पुन्हा विचारावे. तसेच, या नेहमीच्या प्रकारांतील एक सॉकेट दोन धाग्यांनी एकाच वेळी वापरू नये. एका खिडकीवर दोन कॅशियर एकाच गल्ल्यात हात घालू लागले तर संध्याकाळी हिशेब कसा जुळावा?

ताळा

आम्ही पुतणीस एकच गोष्ट आमच्या पदरची सांगितली. बाकी सर्व तिने माहितीपत्रकातून स्वतः काढले. आम्ही म्हणालो, "बाळा, बँकेत दिवसभर कितीही काळजीने काम केले तरी संध्याकाळी ताळमेळ घातल्याशिवाय आम्ही उठत नाही. तुझ्या प्रोग्रॅमला ताळा कुठे आहे?" तिने विचार केला आणि प्रत्येक संदेश दोन भागांचा केला. पहिल्या भागात नावांची संख्या, दुसऱ्या भागात नावे. मुख्य संगणक आलेली नावे मोजी आणि संख्येशी ताडून पाही. जुळले नाही तर त्या खोलीचा क्रमांक पडद्यावर येई.

चौथ्या रात्री चारही खोल्यांची चाचणी घरातच एका संगणकावर घेतली. मुद्दाम लांब लांब मराठी नावे निवडली, जोडाक्षरांनी भरलेली. तीन खोल्यांचा ताळा जुळला. चौथ्या खोलीपुढे आले : संख्या १०, नावे ९. पुतणीचा चेहरा उतरला. सगळे पुन्हा तपासले. प्रोग्रॅम निर्दोष होता. नावे टंकताना तिच्या धाकट्या भावानेच एक नाव गाळले होते! चूक माणसाची होती, पण ती पकडली ताळ्याने. दहावे नाव भरले, पुन्हा चालविले, चाळीसच्या चाळीस नावे आली. सादरीकरणात परीक्षकांनी तिला विचारले की, ही मोजणी कशासाठी? ती म्हणाली, "सर, संदेश आला म्हणजे पूर्ण आला असं नसतं."

आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आज संगणकाच्या अभ्यासाकडे वळली आहेत. माहितीपत्रके इंग्रजीत असतात, म्हणून ती पहिल्या पानावरच धीर सोडतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, त्या इंग्रजीच्या मागे जे आहे ते आपल्या रोजच्या व्यवहारातलेच आहे. वाट पाहायची तर किती वेळ, हे ठरवा. जे मिळाले ते मोजा. 'नाही' म्हटले तर कारण विचारा. आणि चाचणी घेताना आपली नावे आपल्या लिपीत लिहून घ्या, कारण उद्या त्या यादीत आपलीच माणसे असणार आहेत. वडीलधाऱ्यांनीही 'आम्हाला त्यातले काय कळते' असे म्हणून उठून जाऊ नये. आम्हासही काही कळत नव्हते. शेजारी बसलो, इतकेच.